राहिलेल्या अर्जांचे निंबानाना

निंबानानांचा धंदा बसून करायचा, पण त्यांना एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भडगावच्या कोर्टासमोर, झेरॉक्सचं दुकान आणि चहाची टपरी यांच्यामध्ये पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात एक संगणक, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर आणि नाना. टाईप करताना त्यांचा उजवा पाय सारखा हलायचा. मजकूर सांगणारा वकील विचार करायला थांबला, तर यांची बोटं टेबलाच्या कडेवर टाईप करत राहायची. दर दहा मिनिटांनी उठायचं, दारात यायचं, कोर्टाच्या फाटकाकडे बघायचं आणि परत येऊन बसायचं. मी एकदा विचारलं, "नाना, कोणाची वाट बघता?" तर म्हणाले, "कोनी नही ताई. बसवत नही."

मला ते आवडायचं, कारण मलाही बसवत नाही. मी भाविका. याच कोर्टात चौदा वर्षं वकिली करते. माझा स्वभाव तापट आहे असं बार रूममधले सगळे म्हणतात, आणि म्हटलं की मी चिडते, म्हणजे त्यांचं खरंच असावं. या स्वभावापायी मी नानांचं काय करून ठेवलं ते मला सांगायचं आहे. ते सांगताना स्वतःला फार झोडपून घेणार नाही. तसं केलं की ऐकणाऱ्याला दया येते, आणि ती मला नको आहे.

आमच्या कोर्टात वकील पंचवीस-तीस आणि भरवशाचा टायपिस्ट एक. त्यामुळे वादीचा दावा आणि प्रतिवादीचं उत्तर दोन्ही त्याच खोलीत, त्याच बोटांनी टाईप होतात. पुण्या-मुंबईच्या वकिलाला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल. आम्हाला त्यात कधी काही वाटलं नाही, कारण तिथे नाना होते. एकदा एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी सहजच विचारल्यासारखं विचारलं, "काय नाना, समोरच्यानं उत्तरात काय काय घेतलंय?" नाना उठले, "चहा सांगून येतो" म्हणाले आणि दीड तासानं परत आले. तोवर साहेब कंटाळून निघून गेले होते. नानांनी त्यांना नाही म्हटलं नाही, आणि एक शब्द सांगितलाही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस पदरचं अक्षर घालत नसे. वकिलाच्या मजकुरात चूक दिसली तर मान वर करून बघायचे, वकिलाच्या लक्षात आलं तर ठीक, नाही तर चुकीचं तसंच टाईप करायचे. मी कितीदा ओरडले असेन, "अहो, मी चुकीची तारीख सांगितली, तुम्हाला माहीत होती ना बरोबर?" यांचं उत्तर ठरलेलं. "मी नुस्ता हात शे, ताई. डोकं तुम्हनं."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. टाईप झालेला प्रत्येक अर्ज कोर्टात जात नाही. निम्मे अर्ज दाखवायला असतात. जावई लेकीला त्रास देतो, बाप वकिलाकडे येतो, अर्ज टाईप होतो. त्यावर सही नाही, कोर्ट फीचं तिकीट नाही. तो कागद घेऊन दोन-चार माणसं जावयाच्या ओट्यावर जातात, त्याला वाचून दाखवतात, चहा होतो, जावई मान खाली घालतो आणि कागद घडी होऊन लेकीच्या कपाटात जातो. भावाभावांचं तसंच, भागीदारांचं तसंच. म्हणून मजकूर सुरू करायच्या आधी नाना एवढंच विचारायचे, "टाकना शे का दखाडना शे?" कोर्टात टाकायचा आहे का नुसता दाखवायचा आहे? दाखवायचा असला की आम्ही वकील हात सैल सोडतो. एका थपडेच्या चार करतो, एका दिवसाचा आठवडा करतो. समोरचा घाबरला पाहिजे ना. त्या कागदाची कोण उलटतपासणी घेणार आहे?

हे न टाकलेले अर्ज नानांनी कधी पुसले नाहीत. 'राहिलेलं' नावाच्या एका फोल्डरमध्ये ते सगळे होते. पुढचा अर्ज आला की त्यातलाच एखादा उघडून, नावगाव बदलून त्यावर नवा चढवायचा, म्हणून ठेवलेले. जे अर्ज कोर्टात गेले ते निदान कोर्टाच्या दप्तरात तरी आहेत. 'राहिलेलं'मध्ये मात्र आमच्या तालुक्यानं वीस वर्षांत जे जे बोलायचं ठरवलं आणि मग गिळलं, ते सगळं होतं. मोडता मोडता राहिलेले संसार, बदललेली मृत्युपत्रं, मागे घेतलेले आरोप. नानांना ते सगळं ठाऊक होतं आणि तरी बाजारात समोर येणाऱ्या प्रत्येकाला ते रामराम करायचे.

आता माझ्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी मी रविवारी रविवारी एक ऑनलाइन कोर्स केला. तंत्रज्ञानाचा कायदा, बौद्धिक संपदा आणि व्यावसायिकांसाठी नीती. आठ आठवडे. नीतीच्या पेपरात मला सगळ्यांत जास्त गुण पडले. प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात लावलं. हल्ली त्याच्याकडे बघवत नाही, आणि काढलं तर भिंतीवर खिळा तेवढा राहील म्हणून काढतही नाही.

त्याच कोर्समध्ये हितेंद्र परत भेटला. धुळ्याच्या लॉ कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. वकिली त्यानं कधीच सोडली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. ही कंपनी मराठीत कोर्टाचे अर्ज लिहून देणारं सॉफ्टवेअर बनवत होती. नाव ठेवलं होतं 'अर्जसखा'. नाव ऐकून मी हसले, पण मनात बसलं. दोन ओळी सांगायच्या आणि यंत्रानं चार पानांचा अर्ज लिहून द्यायचा. त्याला शिकवायला तालुका कोर्टातले खरेखुरे मसुदे पाहिजेत, हजारोंनी. हितेंद्र म्हणाला, "तुमच्याकडे एखादा जुना टायपिस्ट असेल ना?"

असेल कसला, होताच. मी दुसऱ्याच दिवशी नानांकडे गेले.

मला का एवढी घाई होती? एक तर ते यंत्र मला सगळ्यांच्या आधी हवं होतं. बार रूममधली नवी पोरं फोनशी बोलून अर्ज तयार करायला लागली होती आणि मला मागे पडल्यासारखं वाटत होतं. वाटत कसलं, भीतीच वाटत होती. नानांनाही वाटत होती. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अलीकडे कंप सुटला होता, कामही कमी झालं होतं. कंपनी नवा संगणक देणार होती, सॉफ्टवेअर आयुष्यभर फुकट देणार होती आणि करारात नानांना 'ज्ञान-भागीदार' म्हणणार होती. त्या शब्दावर नाना लाजले.

करार अकरा पानांचा, इंग्रजीत. तो मीच वाचून सांगितला. सातव्या पानावर एक कलम होतं. हे सगळं साहित्य माझं स्वतःचं आहे, त्यावर माझा पूर्ण हक्क आहे आणि ते देताना मी कोणाचंही गुपित फोडत नाही. तिथे मी थांबले, हे कबूल करते. थांबले कारण हे साफ खोटं होतं. मसुदे वकिलांचे, दुःखं पक्षकारांची, नानांचे फक्त हात. माझ्या कोर्सचा पाचवा आठवडा पूर्ण याच विषयावर होता. तरी मी म्हणाले, "ही औपचारिकता असते, नाना. करा सही."

त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "राहिलेलं बी देनं का?"

"सगळंच द्या. नावं, गावं, आधार नंबर, गट नंबर, सगळं काढून टाकतात ते."

"कोर्टमा जे गयं ते गयं, ताई. पन राहिलेलं..." त्यांचा पाय जोरात हलत होता. "नाव काढं तरी मानूस तठेच ऱ्हास ना."

तेवढ्यात कोर्टातून माझ्या केसचा पुकारा झाला. शिपाई फाटकात उभा राहून माझं नाव घेत होता. मी चिडून म्हणाले, "सगळं द्या हो नाना, किती विचार करता!" आणि धावत गेले. परत आले तेव्हा सही झालेली होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी बार रूममध्ये अर्जसखाचं प्रात्यक्षिक ठेवलं. पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, पहिल्या रांगेत नानांना बसवून शाल-श्रीफळ दिलं. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. नारळ मांडीवर धरून बसलेले, पाय चालूच. हितेंद्रनं दोन शब्द बोलून यंत्राला सांगितलं, "पत्नीला नवऱ्याकडून त्रास, नवरा व्यापारी, घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज लिही." आणि पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. काय सांगू, अप्रतिम लिहीत होतं. आमचीच भाषा, आमचीच वाक्यं. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपल्यापेक्षा बरं लिहितंय." सगळे हसले, मीही हसले.

मग चौथा परिच्छेद आला. सामनेवाला याने अर्जदारास केळी पिकविण्याचे चेंबरमध्ये, आत गॅस सोडलेला आहे हे माहीत असूनही, दिवसभर कोंडून ठेवले.

आमच्या गावात केळी पिकवायचं चेंबर एकच आहे. ते प्रेमराजचं. आणि प्रेमराजचा मावसभाऊ समाधान, तोही वकील, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

तीन वर्षांपूर्वी प्रेमराजची बायको दिपमाला माझ्याकडे आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, माहेर सावद्याचं. नवऱ्यानं भांडणात हात धरून तिला चेंबरमध्ये ढकललं आणि बाहेरून दार लावलं. आत केळीचे क्रेट, गार हवा, गॅस आणि मिट्ट अंधार. मी विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, अर्धा तास. नानांनी विचारलं, टाकायचा की दाखवायचा? ती म्हणाली, दाखवायचा. मग मी अर्ध्या तासाचा दिवस केला. तिच्या वडिलांनी येऊन तो कागद प्रेमराजला एकट्याला दाखवला. त्यानं परत हात लावला नाही. घरात दिराला नाही, सासूला नाही, कोणाला काही कळलं नाही. नंतर तिला मुलगी झाली, पेढे घेऊन ती माझ्या ऑफिसात आली होती.

आणि आता ते पडद्यावर होतं, माझ्या 'दिवसभर'सकट.

बार रूममध्ये कुजबुज सुरू झाली. "हे आपल्याच गावातलं वाटतंय रे." कोणी तरी दबक्या आवाजात नावही घेतलं. समाधान पुढे झुकून पडदा वाचत होता, मग त्यानं खिशातून फोन काढला आणि फोटो काढायला हात वर केला. एरवी न्यायाधीशांशी भांडणारी मी, नुसती बसून राहिले.

नाना उभे राहिले. नारळ खुर्चीवर ठेवला आणि मागे वळून, कोर्टात साक्ष देतात तशा शुद्ध मराठीत मोठ्यानं म्हणाले, "ते खरं नाही. ते मी मनानं घातलंय. कोणी सांगितलं नव्हतं. टाईप करताना मी कधी कधी पदरचं घालतो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. समाधाननं विचारलं, "पदरचं? म्हणजे खोटं?"

"खोटंच," नाना म्हणाले. "सिनेमात बघितलेलं, ऐकलेलं, असं काहीही."

तीस वर्षांत एक अक्षर पदरचं न घातलेला माणूस भर सभेत असं म्हणाला, आणि लोकांनी ते लगेच खरं मानलं. मला या गोष्टीचा आजही संताप येतो. इतक्या वर्षांचा भरवसा उडायला तीन वाक्यं पुरली. त्यांनी ती वाक्यं कोणासाठी उच्चारली हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होते.

पुढचे दिवस वाईट गेले. वकील संघानं नानांना नोटीस दिली. नोटिशीत काय? तर आमचे मसुदे परवानगीशिवाय विकले, आमच्या बौद्धिक संपदेवर घाला घातला. वाचून मी एकटीच खोलीत हसले. आमची बौद्धिक संपदा! आम्ही सगळे एकमेकांचे मसुदे उचलून जगलोय. आमच्या मनाई अर्जांचा शेवटचा परिच्छेद कोणी लिहिला हे देवालाही सांगता येणार नाही, तो प्रत्येकानं नानांच्याच संगणकावरून घेतलाय. पक्षकारांच्या गुपितांचं काय, हे नोटिशीत कुठेच नव्हतं. त्याबद्दल भांडायला कोणी आलं नाही, कारण भांडायला यायचं तर आधी आपलं गुपित सांगावं लागतं.

मी हितेंद्रला फोन केला. चढ्या आवाजात. राहिलेलं सगळं पुसून टाक म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "फाइली पुसतो, पण यंत्र जे शिकलं ते त्याच्यातून काढता येत नाही. फार तर अमुक शब्द वापरू नको असं सांगता येतं." दोन दिवसांनी त्यांनी तशी दुरुस्ती केली. आता अर्जसखा 'केळी' हा शब्द लिहीत नाही. जळगाव जिल्ह्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याला केळी म्हणायची बंदी. करारभंगाची धमकी दिली तर हितेंद्रनं सातव्या पानावरचं कलम वाचून दाखवलं. "हक्क माझाच आहे, कोणाचं गुपित फोडत नाही, असं तुमच्या नानांनी लिहून दिलंय. वाचून तू सांगितलं होतंस ना त्यांना?" मी फोन ठेवला.

नानांकडे जायला मला चार दिवस लागले. गेले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. लोक पाचोऱ्याला जाऊन टाईप करून आणायला लागले होते. नाना खुर्चीत बसले होते आणि त्यांचा पाय हलत नव्हता. त्या न हलणाऱ्या पायाकडे बघून मला जितकी भीती वाटली तितकी नोटिशीनं वाटली नव्हती.

मी म्हणाले, "नाना, मी वकील संघाला सांगते. मीच तुम्हाला द्यायला लावलं. तुम्ही काही घातलेलं नाही."

"मंग विचारतीन ना, खरं शे तं कोनानं शे?" ते म्हणाले. "त्या पोरनं घर मोडी जाई. तुम्ही चूप ऱ्हावा."

मी वकील संघाकडे गेले नाही. ते बरोबरच बोलत होते, पक्षकाराचं गुपित राखणं माझं कामच होतं. पण घरी जाताना मला कळत होतं की करारावर सही करायला मी लावली, एवढं तर मी कोणाचंही नाव न घेता सांगू शकत होते. ते मी सांगितलं नाही. दिपमालाच्या गुपितामागे मी माझं गुपित लपवलं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला लाज वाटायची, मग परत सुटल्यासारखं वाटायचं. जेवताना, गाडी चालवताना, कोर्टात उलटतपासणी घेताना डोक्यात तेच. कशातच मन लागेना.

दहाव्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी नानांच्या खोलीत एक साधं प्रतिज्ञापत्र करून घेत होते. त्यांना काही तरी काम मिळावं म्हणून मुद्दाम गेले होते. दारात दिपमाला आली. शाळेतून सरळ आलेली, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. नाना उठून उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, आभार मानायला आली. मलाही तेच वाटलं.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही सभामा काय सांगं?"

नाना गोंधळले. "तुन्हं नाव येवाले नको म्हनीसन..."

"नाव आलंच होतं. समाधानभाऊंनी घरी येऊन सांगितलं." आता ती माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागली. "आणि हेही सांगितलं की टायपिस्ट स्वतः म्हणाला, सगळं खोटं, मनानं घातलेलं. ताई, तीन वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता. त्याला माहीत होतं की तो आहे. शुक्रवारी त्यानं तो काढला, माझ्यासमोर फाडला आणि म्हणाला, 'घे. तुझ्या टायपिस्टनंच सांगितलंय.'"

नाना खुर्चीचा हात धरून उभे होते.

"काल संध्याकाळी चेंबरचं कुलूप हातात घेऊन तो दारात उभा होता," ती म्हणाली. "काही केलं नाही. नुसता उभा राहिला आणि हसला. मुलगी माझ्या कडेवर होती."

मी काही तरी बोलायचं म्हणून बोलले, "नानांनी तुझ्यासाठीच..."

"मला विचारलं का?" ती एकदम ओरडली. झेरॉक्सवाला डोकावून गेला. "यंत्राला देताना विचारलं का? खोटं म्हणताना विचारलं का? माझ्या नावानं तुम्ही सगळेच चांगलं वागताय, आणि चेंबरमध्ये मी जाणार."

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, हात जोडले आणि म्हणाले, "मन्हं चुकनं, बेटा. मी कोर्टमा सांगसू. मी खोटं बोलनू."

मग मीच बोलले. दहा दिवस जे जमलं नव्हतं ते दिपमालाच्या ओरडण्यानं जमलं. म्हणाले, "नानांना सगळं द्यायला मी लावलं. करारही मी वाचला होता, त्यात खोटं आहे हे मला कळलं होतं. आणि तुझ्या अर्जात 'दिवसभर' मी घातलं होतं. तू अर्धा तास सांगितला होतास."

"माहीत आहे," दिपमाला म्हणाली. "तेव्हाच वाचलं होतं. म्हटलं, वकीलबाई आहेत, असंच लिहीत असतील. पण तेव्हापासून तो मला त्यावरूनच सुनावतोय. 'बघ, तू किती खोटी आहेस, अर्ध्या तासाचा दिवस केलास.' त्याला अर्धा तास पाठ आहे, ताई. तुम्ही तो बदललात, म्हणून त्याला कधी कबूल करावाच लागला नाही."

असं मला आजवर कुठल्या न्यायाधीशानं सुनावलं नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि नानांच्या समोरच्या स्टुलावर बसली. "नवीन लिहा. आज टाकायचाय. माझं नाव घालून."

नाना बसले. प्रिंटरमध्ये कागद घातले. वकील संघापुढे मी काय बोलणार, नाना साक्षीत काय बोलणार, उद्या प्रेमराजच्या बाजूनं समाधान आम्हा दोघांना काय काय विचारणार, हे सगळं माझ्या डोक्यात धावत होतं. माझी सनदसुद्धा जाऊ शकली असती. तरी सवय कशी असते बघा. चौथ्या परिच्छेदाशी आलो आणि मी म्हणाले, "इथे थोडं नीट मांडू. आत किती गार होतं, गॅसनं डोकं कसं गरगरलं, किती हाका मारल्या. नुसता अर्धा तास म्हटलं तर न्यायाधीशांना कमी वाटेल."

"काही घालू नका," दिपमाला म्हणाली. "अर्धा तासच लिहा. ज्याला कमी वाटेल त्यानं आत जाऊन बसावं, मी बाहेरून दार लावते."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिच्या शब्दांत 'अर्धा तास' टाईप केला, अर्ज पुरा केला आणि प्रिंटरचं बटण दाबलं.